डावं पायडल

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या डोक्यावर जे काही केस उरलेत त्यांची शपथ. आणि हेही आधीच सांगून ठेवतो, की यातली एक गोष्ट मी पदरची घातली आहे. म्हणजे शब्द न् शब्द खरा, फक्त काही शब्द खोटे. हे ज्याला पटत नसेल त्यानं आत जाऊन झोपावं.

कोणी गेलं नाही. जाणार कुठे? वीज गेलेली, घरात उकडत होतं. पुतण्या अंगणात उकिडवा बसून भंगारातून आणलेल्या जुन्या सायकलशी झटत होता आणि त्याची बायको पायरीवर बसून मोबाइलचा उजेड दाखवत होती. उजेड त्याच्या हातावर कमी आणि माझ्या तोंडावर जास्त पडत होता.

"काका, हे पायडल बसतच नाही बघा," पुतण्या म्हणाला. "मघापासून फिरवतोय, घट्ट व्हायचं नावच नाही."

"डावं आहे का?"

"हो."

"मग हात काढ त्याच्यावरून."

मी हे इतकं हळू म्हणालो की त्यानं खरंच हात काढला. एरवी या घरात माझं कोण ऐकतं?

"डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जगातलं सगळं उजवीकडे फिरवलं की घट्ट होतं, हे एकटंच डावीकडे फिरवलं की. ज्याला ठाऊक नाही तो घट्ट करायला जातो आणि सैल करून बसतो. वर जोर लावला तर आटेच मरतात. एका माणसानं असंच केलं होतं. माझ्या चांगल्या ओळखीचा."

"मागच्या खेपेला तुमच्या ओळखीच्या माणसाला मगरीनं बस स्टॉपपर्यंत सोडलं होतं," सून म्हणाली.

"मगर खोटी होती. बस स्टॉप खरा होता. ऐकायचंय की नाही?"

तिनं मोबाइल विझवला. तेवढं उत्तर मला पुरलं.

हा माणूस बस डेपोत स्टोअरकीपर होता. मी त्याच डेपोत मेकॅनिक, त्यामुळे त्याच्या खिडकीशी माझं अर्धं आयुष्य गेलं. ब्रेकचं लायनिंग हवं, खिडकीशी जा. बल्ब हवा, खिडकीशी जा. आत तो चष्म्यावरून बघणार आणि एकच वाक्य म्हणणार, "जुनं जमा करा." नियमच तसा होता. मोडका पार्ट आणून दिल्याशिवाय नवा मिळायचा नाही. पण नियम पाळणारे वेगळे आणि नियमावर जगणारे वेगळे. एकदा एका ड्रायव्हरच्या गाडीचा आरसा चोरीला गेला, तर हा म्हणे, जुना जमा कर. अरे, चोराला कुठून आणू? आम्ही त्याचं नावच जुनंजमा पाडलं होतं. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

या जुनंजमाला एक धाकटा भाऊ. काचेच्या कारखान्यात रात्रीचा वॉचमन. डावा गुडघा लहानपणीच मोडलेला, तो वाकायचाच नाही. तरी कामावर सायकलनंच जायचा. डावा पाय काठीसारखा बाहेर धरायचा आणि एकट्या उजव्या पायानं चालवायचा. उजवं पायडल खाली दाबायचं, पायानंच मागं फिरवून वर आणायचं, परत दाबायचं. पुरा फेरा कधीच नाही. त्यामुळे त्याच्या सायकलचा आवाज साऱ्या रस्त्याला पाठ होता. खर्र, टिक-टिक-टिक. खर्र, टिक-टिक-टिक. लोक अंथरुणातच म्हणायचे, हाफपायडल कामावर निघाला, झोपा आता.

"गुडघा कशानं मोडला?" सुनेनं विचारलं.

तेच सांगतोय.

त्यांच्या वडिलांची एक सायकल होती. काळी, उंच, रॉडच्या ब्रेकची. पायडलांच्या टोपणावर चांदणीचा ठसा. वडील पोरांपेक्षा तिला जास्त पुसायचे. थोरला तेव्हा शाळेत होता, आणि हात शिवशिवणारं पोर. डावं पायडल कुरकुरतंय म्हणून त्यानं एके दिवशी वडिलांच्या मागे ते काढलं, तेल दिलं, आणि परत बसवताना उजवीकडे फिरवलं. बसेना. मग पान्यावर दगड घातला. आटे मेले, पण पायडल अडकून बसलं. वरून बघणाऱ्याला वाटावं, घट्ट आहे.

संध्याकाळी धाकटा सायकल घेऊन उतारावर गेला. पायडल निघालं. पोर पुलाच्या कठड्यावर गुडघ्यानं आपटलं.

वडिलांनी विचारलं, पायडल कसं निघालं? थोरला म्हणाला, "हा त्याच्यावर उभा राहून उड्या मारत होता."

धाकट्याला प्लास्टर लागायच्या आधी दोन थोबाडीत बसल्या. सायकल माळ्यावर गेली ती गेलीच. धाकट्यानं रस्त्यात पडलेलं ते पायडल मात्र उचलून आणलं आणि स्वतःजवळ ठेवलं. का, ते कोणाला सांगितलं नाही.

"त्याला माहीत होतं?" पुतण्यानं विचारलं.

पुढे वॉचमन झाल्यावर रोज सायकलवर बसणारा माणूस. डाव्या पायडलचे आटे कसे असतात हे त्याला कधीतरी कळलंच असेल की. पण भावाला त्यानं ताकास तूर लागू दिली नाही.

एकदाच आला तो भावाकडे. मी रांगेत होतो, म्हणून हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही. डेपोत भर दुपारी लंगडत आला आणि खिडकीत वाकून म्हणाला, "दादा, मोठ्या हॉस्पिटलचा डॉक्टर म्हणतोय, गुडघा बदलता येतो. फुकट करतायत. फक्त घरचं कोणीतरी बरोबर पाहिजे, सहीला. येतोस का?"

थोरल्यानं चष्म्यावरून बघितलं. मागे आमची रांग. त्याला विनोद सुचला.

"बदलायचाय ना? मग नियम ठाऊक नाही का? जुना जमा कर, नवा घेऊन जा."

सगळी रांग हसली. धाकटाही हसला. मग म्हणाला, "बरंय दादा," आणि गेला. परत त्या खिडकीशी आला नाही. कारखाना बंद पडला, भट्ट्या थंड झाल्या, तरी मालकानं त्याला गेटवर ठेवला होता. गेल्याच्या गेल्या वर्षी थंडीत तो त्या केबिनमध्येच सकाळी मेलेला सापडला. थोरला गेला होता, नाही असं नाही. पण त्याची बायको, आमची वहिनी, म्हणाली ते खरं, पाहुण्यासारखा गेला आणि पाहुण्यासारखा आला. केबिनमधलं भावाचं सामान आणायला काही गेला नाही.

मग हा रिटायर झाला. रिटायर झालेल्या माणसाचं काय करायचं हे घरच्यांना कळत नाही आणि त्यालाही. त्यानं माळ्यावरून वडिलांची सायकल काढली. शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात मांडायची. वडिलांची आठवण, एकाच घरात जपलेली, सगळे पार्ट अस्सल. असं तो आम्हाला चहाच्या टपरीवर सांगायचा, आणि "जपलेली" म्हणताना छातीवर हात ठेवायचा.

एक मात्र कबूल. सायकल त्यानं उभी केली तर अशी, की बघत राहावं. गंज पॉलिश पेपरनं घासून काढला. चाकं आउट होती, ती तारा ओढून सरळ केली. सीटसाठी कातडं शिवून घेतलं, घंटीची वाटी कुठल्याशा बाजारातून आणली, चेनकव्हर एका म्हातारीच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार झालं होतं, ते सोडवून आणलं. पायडल अडकवायचा दांडा, म्हणजे क्रँक, मेलेल्या आट्यांची होती; ते आटे बघूनच मी ओळखलं, की पायडल उलटं फिरवून दगडानं ठोकलंय. तिच्यात लेथवाल्याकडून नवे आटे पाडून घेतले. उलटे, बरं का. आता त्याला सगळं ठाऊक होतं. सगळं मिळालं. एक सोडून.

चांदणीवालं डावं पायडल.

"उजवी पोतंभर आहेत," भंगारवाला म्हणाला. "डावं नाही. चांदणीचं तर नाहीच."

"दुसऱ्या बनावटीचं लावून टाक की," पुतण्या म्हणाला.

तेच वहिनी म्हणाली. पण जन्मभर दुसऱ्याच्या पार्टात खोट काढलेला माणूस तो. त्याला जोडी जमायला हवी होती. भंगारवाला डोकं खाजवत म्हणाला, "एक बघितलं होतं मी. तुमच्या भावाकडे. केबिनमध्ये उशाशी ठेवायचा. मी मागितलं, तर म्हणाला, ते कोणाचं तरी आहे, तो येईल न्यायला."

थोरला हातातलं उजवं पायडल पुसत राहिला.

"सामान असेल अजून तिथंच," भंगारवाला म्हणाला. "कोणी आलंच नाही ना न्यायला."

दिवसा जायची लाज. भाऊ मेल्यावर त्याचा सदरा न्यायला गेला नाही, आणि आता पायडलसाठी आला, असं लोक म्हणणार. म्हणून हा रात्री निघाला. डिसेंबरातला दुसरा शनिवार. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शन. जेवण झालं, घर निजलं, बारा वाजून गेले, तेव्हा हातात बॅटरी घेऊन उठला. वहिनीला जाग आली.

"कुठं निघालात?"

"भावाकडे."

ती म्हणाली, "मेल्यावर तरी गेलात म्हणायचं," आणि कूस बदलून झोपली. तिला वाटलं, हा झोपेत बरळतोय.

चंद्र नव्हता. तरी चोराच्या मनात चांदणं असतंच. कारखान्याचा रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना काचेचा चुरा. जुन्या फुटक्या बाटल्यांचे ढीग वर्षानुवर्षं तिथंच पडलेले. बॅटरी मारली की सगळा रस्ता डोळे उघडायचा. म्हणून त्यानं बॅटरी विझवली आणि अंदाजानं चालत राहिला.

गेट आलं. गेटला लागून केबिन. दाराला कुलूप.

बाजूला एक छोटी सरकती खिडकी होती. खाली फळी. त्याला जरा हसू आलं. हुबेहूब त्याच्या स्टोअरची खिडकी. फक्त आज तो बाहेरच्या बाजूला होता.

खिडकी अर्धी उघडी होती. आत अंधार.

हात घालून चाचपावं म्हणून तो वाकला.

आतून कोणीतरी खोकलं.

तो दचकला, मग सावरला. नवा वॉचमन ठेवलेला दिसतोय. म्हणाला, "झोपला होतात का? माफ करा. माझ्या भावाचं सामान आहे इथं. एक पायडल हवं होतं."

काही नाही.

"डावं," तो म्हणाला. "चांदणीचं."

आत काहीतरी सरकलं. स्टूल सरकावं तसं. मग एक पाय जमिनीवर पडला. मग दुसरा... ओढत.

"जुनं...?"

आवाज बसका. झोपेतला.

"काय?"

"जुनं... जमा करा."

माझ्या ओळखीचा माणूस म्हणाला, त्याला तेव्हा भीती नाही वाटली. राग आला. डेपोतलं कोणीतरी चेष्टा करतंय असं वाटलं. म्हणाला, "कोण रे तू? जुनं नाहीये माझ्याकडे."

"काय झालं त्याचं?"

"तुटलं."

"कसं...?"

आता बघा. अंधार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. विचारणारा कोण, माहीत नाही. खरं बोलला असता तर कोणाच्या बापाचं काय गेलं असतं? बापही राहिला नव्हता, भाऊही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

तो म्हणाला, "भावानं तोडलं. उड्या मारत होता त्याच्यावर."

आतलं स्टूल परत सरकलं.



मग फळीवर टक् असा आवाज झाला. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर आलं. हात दिसला नाही. वस्तू आली.

आणि आतला आवाज म्हणाला, "बरंय दादा. जमा करून घेतो."

तो वळला. पळाला नाही. पळालं की कबूल केल्यासारखं होतं म्हणे. चालला. फडकं छातीशी धरून.

थोडं अंतर गेला असेल.

मागे...

खर्र.

टिक-टिक-टिक.

तो थांबला. आवाज थांबला.

चालला.

खर्र. टिक-टिक-टिक.

पुढे येत नव्हता. मागे राहत नव्हता. काचेच्या चुऱ्यावरून चाक जात होतं, पण चुरा वाजत नव्हता. नुसता तो फेरा. अर्धा. आणि परत.

घराच्या फाटकाशी आला. कडी लावली. मागे पाहिलं नाही.

आवाज... फाटकाशी थांबला.

पुतण्यानं पाना कधी खाली ठेवला ते मला कळलं नाही. सून आता नवऱ्याला चिकटून बसली होती. मी पाणी प्यालो. गोष्ट सांगणाऱ्यानं अशा वेळी सावकाश पाणी प्यावं.

"मग पायडल?" पुतण्या म्हणाला. कुजबुजलाच म्हणा ना.

पायडल तेच होतं. चांदणी होती. पण रबर कोरं करकरीत, बोटाला कंगोरे लागावेत असं. उजव्याचं रबर वडिलांनी वापरून गुळगुळीत झालेलं, आणि हे नवं. थोरल्यानं ते रात्रीच बसवलं. डावीकडे फिरवून. हलक्या हातानं. लोण्यासारखं बसलं.

सकाळी न्हाऊन, इस्त्रीचे कपडे घालून तो सायकलवर टांग मारून निघाला. आम्ही दोघं-तिघं प्रदर्शनाच्या मैदानाशी उभे होतो. उतारावरून तो येताना दिसला. घंटी वाजवली. दिमाखात हात वर केला.

आणि पडला.

मी धावलो. आधी पायडल बघितलं, सवयच ती. पायडल जागच्या जागी घट्ट होतं. पायाचेच आटे गेले होते. डावा गुडघा वाकत नव्हता. काठीसारखा ताठ.

हॉस्पिटलात फोटो काढला. डॉक्टरीणबाई तरुण होती. फोटो उजेडाला धरून म्हणाली, "काका, पडलात कधी?"

"आत्ता. सकाळी."

"हे आजचं नाही. हे लहानपणी मोडलंय आणि वाकडंच जुळलंय. इतकी वर्षं तुम्ही या पायावर चाललात कसे?"

वहिनी म्हणाली, "अहो बाई, काल रात्रीपर्यंत धडधाकट होते."

डॉक्टरीणबाईंनी फोटो परत पाहिला, नाव तपासलं. नाव बरोबर होतं.

मी नंतर भंगारवाल्याला घेऊन भर दुपारी केबिन बघून आलो. दाराला कुलूप होतंच. खिडकीवर पत्रा ठोकलेला होता. खिळे गंजलेले. धाकटा गेला तेव्हाच ठोकलेला, भंगारवाला म्हणाला. वॉचमन त्यानंतर ठेवलाच नाही.

सायकल थोरल्याच्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली. त्याची खाटही तिथंच, खिडकीपाशी. जिना चढता येत नव्हता ना. दाराला आतून कडी. आणि मग एका रात्री त्याला रस्त्यावरून आवाज आला.

खर्र... खर्र... खर्र...

मधे टिकटिक नाही.

पाय मागे घ्यावा लागत नव्हता. फेरा पुरा होत होता. दोन पायांचा, तब्येतीचा, मजेत चाललेल्या माणसाचा. घरावरून जायचा, उताराला लागायचा, परत यायचा. रात्रभर. सायकल शिकलेलं पोर पहिल्या दिवशी फिरतं ना, तसं.

त्यानं सायकलकडे पाहिलं. ती भिंतीशी होती.

मग तो कसाबसा उठला. खिडकीचे गज धरले. बाहेर कोणी दिसत नव्हतं. आणि तो म्हणाला, "बाळ्या... ते मी केलं होतं. पायडल मी चुकीचं बसवलं होतं. तू नाही."

आवाज थांबला.

सकाळी वहिनी झाडायला आली आणि सायकलपाशी वाकली. डाव्या पायडलचं रबर गुळगुळीत झालं होतं. कंगोरे गेलेले. जन्मभर कोणीतरी पाय ठेवून झिजवावं तसं. उजव्याला अगदी जोडी.

मी थांबलो.  पुतण्याची सायकल उलटी ठेवलेली होती, चाकं वर करून. वाऱ्यानं पुढचं चाक किंचित हललं, तर सुनेनं पटकन पायानं थांबवलं.

"म्हणजे सुटला तो," ती म्हणाली. "कबूल केलं, म्हणून."

मी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

"काका?"

"पदरची एक गोष्ट घातली आहे म्हणालो होतो ना," मी म्हणालो. "खिडकी खरी आहे, पत्रा खरा आहे. पायाचा फोटो मी या हातांनी धरून पाहिला आहे. खिडकीशी उठून तो जे बोलला, ते तेवढं माझं आहे."

"मग खरं काय बोलला तो?"

"उठला, गजांना धरलं, हे खरं. मग खिडकी लावून घेतली. आजही विचारा त्याला. म्हणतो, धाकट्यानं उड्या मारून तोडलं."

पुतण्या सायकलकडे बघत होता. "आणि आवाज थांबला, ते?"

"तो नाही बोलला म्हटल्यावर आवाज कसा थांबेल?"

"आणि रबर?" सुनेनं विचारलं.

"रबर परवाच बोटानं चाचपून आलोय. आता आतली सळई लागते हाताला."